चार नंबरची सोंगटी

“मॅडम, तुम्हाला भीती वाटते का?”

हा प्रश्न काही माझ्या डोक्यातून आलेला नव्हता. पैज माझ्या मैत्रिणीची, गोटीची होती. शाळेत भाषणाला आलेल्या न्यायाधीशबाईंना भर सभागृहात हे विचारलंस, तर आठवडाभर तुझं दप्तर मी उचलीन, असं ती म्हणाली होती. मागच्या वर्षीची मी असते तर मान खाली घालून नखं कुरतडत बसले असते. तेव्हा हजेरीला ‘हजर’ म्हणतानासुद्धा माझा आवाज बाकाखाली जायचा. मग क्रीडादिनाला खेळाच्या सरांचा घसा बसला, कुणीतरी माइक माझ्या हातात कोंबला आणि दोन तास मी अशी काही बोलले की तेव्हापासून शाळेत माझं नाव भोंगा पडलं. मला आवडतं ते नाव. भोंग्याला कुणी ‘काय म्हणालीस?’ असं विचारत नाही.

तर मी विचारलं. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता झाली. आमची टाचणी, म्हणजे माझी दुसरी मैत्रीण, मात्र माझ्या शेजारीच बसली होती, श्वास रोखून. मुख्याध्यापिकांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांच्या ताटात पडलेली माशी आहे.

“कुणाची?” बाईंनी विचारलं.

“म्हणजे... सरकारची.”

बाईंनी पाण्याचा एक घोट घेतला. “वाटते की. सोमवारी वाटत नाही, बाकीचे सहा दिवस वाटते.”

सगळे हसले. त्या नाही हसल्या.

“सोमवारी आमच्या कोर्टात सोडत असते. आम्ही नऊ न्यायाधीश आणि पिशवीत नऊ सोंगट्या, प्रत्येकाच्या नंबरची एक. कुठली केस कुणाकडे जाणार ते सोंगटी ठरवते. मी केस निवडत नाही आणि केसवाला मला निवडत नाही. माणसाला फोन करता येतो, मुली. सोंगटीला करता येत नाही.”

सोडत मला नवी नव्हती. ती पिशवी धरणारे कारकून म्हणजे माझे बाबा. पण घरी बाबा कोर्टाबद्दल बोलायचे ते एवढंच, की पंखा बिघडलाय आणि चहा पांचट असतो. त्या सोडतीमुळे कुणाची तरी भीती कमी होते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

टाचणीने माझ्या हाताला चिमटा काढला. शाबासकीचा होता तो. तिला हे उत्तर माझ्यापेक्षा जास्त हवं होतं. तिच्या बाबांचा छापखाना आमच्या शाळेच्या मागेच आहे. प्रगतिपुस्तकांपासून औषधांच्या चिठ्ठ्यांपर्यंत सगळं तिथेच छापतात. अडतीस दिवसांपूर्वी त्यांनी आठ पानांचं एक पत्रक छापलं. सरकार राज्यघटनेतलं सोडतीचं कलम बदलणार, केसेस कुणाकडे द्यायच्या ते मंत्र्यांनी नेमलेली समिती ठरवणार, असं त्यात सोप्या भाषेत लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी काका शटर उघडत होते, तिथूनच त्यांना उचललं. आरोप काय, तर सांगत नाहीत. ‘सार्वजनिक सुरक्षा’ एवढे दोनच शब्द. त्यांना कोर्टासमोर आणा आणि का डांबलंय ते सांगा, असा अर्ज टाचणीच्या आईने केला होता, आणि तो येत्या सोमवारच्या सोडतीत होता.

आमची शाळा दुपारची. मी बाबांच्या मागे लागले, मला सोडत बघायची. बाबा आधी नाही म्हणाले, मग बघू म्हणाले, मग म्हणाले, “गप्प बसणार असशील तर चल.” म्हणजे हो.

सोमवारी सकाळी साडेनऊला आम्ही सोडतीच्या दालनात होतो. मी गणवेशातच, कारण तिथून थेट शाळा. लांब टेबल, वीसेक वकील, फायलींचे गठ्ठे, खिडकीत उन्हाने पिवळी पडलेली जुनी कॅलेंडरं. बाबांनी निळी मखमली पिशवी टेबलावर ठेवली. तिच्या तोंडाची लाख सगळ्यांना दाखवली, मग फोडली. घरी भाजीची पिशवी फाडून उघडणारा माणूस हाच का, असं वाटलं मला.

“सगळ्यात लहान कोण?” बाबांनी विचारलं.

ही तिथली जुनी रीत. दालनात जो वयाने सगळ्यात लहान, त्याने सोंगटी काढायची. एरवी नवा वकील काढतो, नाहीतर लिफ्टवाला.

“ही काय, ही आहे की!” एक टकले वकील माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

बाबांचा चेहरा पडला. “ही माझी मुलगी आहे. कुणाची हरकत असेल तर आत्ताच सांगा.”

कुणी काही बोललं नाही. सरकारी वकील तर हसून म्हणाले, “अहो काढू द्या की, पोरीचा हात शुभ असतो.” बाबांनी ते सगळं सोडतीच्या वहीत लिहून घेतलं. ‘हरकत नाही.’ बाबा असं सगळं लिहून घेतात. आमच्या घरात दूधवाल्याचा निरोपसुद्धा तारीख टाकून लिहिलेला असतो.

सहा केसेस होत्या. दर वेळी बाबा केसचा क्रमांक वाचायचे, मी पिशवीत हात घालायचे, सोंगटी उंच धरायचे, बाबा आकडा मोठ्याने म्हणायचे, वहीत लिहायचे, मी समोर सही करायचे आणि सोंगटी परत पिशवीत. लाकडी सोंगट्या, हाताळून हाताळून गुळगुळीत झालेल्या. दोन, नऊ, दोन, पाच, आठ. टाचणीच्या बाबांची केस शेवटची. माझा हात पिशवीत थांबला. सात नको, सात नको. सात नंबरच्या साहेबांनी या वर्षी असं डांबलेल्या एकालाही सोडलेलं नव्हतं, हे सगळ्या शहराला माहीत होतं.

मी काढली. उंच धरली.

“चार!” बाबा म्हणाले.

चार म्हणजे मी शाळेत प्रश्न विचारला त्या न्यायाधीशबाई! दालनात एकदम गलका झाला. टाचणीच्या आईचे वकील कुणाला तरी फोन करायला धावले, सरकारी वकील उठून प्रबंधकसाहेबांच्या, म्हणजे कोर्टाच्या कार्यालयाच्या मुख्यांच्या, खोलीकडे गेले. मी सही केली. छानपैकी शेपटी काढून. बाबा त्या सहीकडे बघत राहिले. सहा ओळींत सहा वेळा त्यांच्या मुलीची सही, सरकारी वहीत. डोळ्यांत पाणी वगैरे नाही, आमचे बाबा तसले नाहीत. पण त्यांनी पेनाचं टोपण दोनदा लावलं आणि दोनदा काढलं. मग वहीत शेवटची ओळ लिहिली, पिशवी बांधली, लाख लावली. मी शाळेला पळाले.

भूगोलाच्या तासाला मी सहज स्कर्टच्या खिशात हात घातला. बोटांना काहीतरी गुळगुळीत लागलं.

चार नंबरची सोंगटी. गलक्यात मी ती पिशवीत टाकायच्या ऐवजी खिशात टाकली होती.

भूगोलाच्या बाईंनी विचारलं, पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणजे काय? मी म्हणाले, “चार.”

वर्ग खदखदून हसला. मीही हसले. तेव्हा मला वाटलं, त्यात काय, संध्याकाळी बाबांना देईन, ते जरा रागावतील, झालं. पण संध्याकाळी बाबा घरी आले ते फुगलेल्या पुरीसारखे. शेजारच्या आजोबांना जिन्यातच गाठून सांगत होते, “आमच्या मुलीची सही आता कोर्टाच्या दप्तरी आहे, काका. कायमची.” माझी जीभच उचलली नाही. सोंगटी मी कंपासपेटीत ठेवली, कर्कटकाच्या शेजारी. सकाळी देऊ म्हटलं. सकाळी मी उठायच्या आत बाबा निघून गेले होते.

मंगळवारी ते चार वाजताच घरी आले. माझी घटकचाचणी असल्याने मीही लवकर सुटले होते. बाबा चार वाजता घरी आलेले मी फक्त एकदा पाहिलंय, आजी गेली तेव्हा. त्यांनी डबा उघडून पाहिला, पिशवी उलटी केली, कोटाचे खिसे चाचपले, पुन्हा डबा उघडून पाहिला.

“काय हरवलं?” आईने विचारलं. आई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. लोक काय शोधतायत हे तिला आधी कळतं.

बाबा ओट्याला टेकून उभे राहिले आणि हळूहळू सांगायला लागले. मी दाराशीच होते, त्यांनी मला जा म्हटलं नाही. मला वाटतं, त्यांना मी दिसलेच नव्हते.

सरकारी वकिलांनी तक्रार केली होती. प्रबंधकसाहेबांनी पिशवीची लाख फोडून सोंगट्या मोजल्या. आठ भरल्या. चार नंबरची नाही. “सोडत संपली की सोंगट्या मोठ्याने मोजायच्या आणि वहीत ‘नऊ’ लिहायचं, हा नियम आहे. अठरा वर्षं मी मोजतोय. काल...” बाबा थांबले. “काल मोजल्या नाहीत. न मोजताच नऊ लिहिलं.”

“का?” आई म्हणाली.

“सही बघत बसलो होतो.”

आईने गॅस बंद केला. त्यावर काही नव्हतंच.

“ते म्हणतात, तुमचा नऊ खोटा, तर तुमच्या चारवर आम्ही विश्वास का ठेवावा? चार नंबरची सोंगटी पिशवीत नव्हतीच. म्हणजे सात निघाला आणि तुम्ही चार लिहिलात. चुकून लिहिलात की मुद्दाम, एवढंच सांगा.”

“अहो पण एवढ्या लोकांनी पाहिलं ना?”

“विचारलं सगळ्यांना. कुणी म्हणतं, मी फाईल चाळत होतो. कुणी म्हणतं, लांबून नीट दिसलं नाही.”

“सोमवारी वीस जणांना दिसत होतं आणि मंगळवारी विसाच्या वीस जणांना नंबर लागला? पाठवा माझ्याकडे, फुकट तपासते.” आईचा आवाज चढला होता.

गुरुवारी अकरा वाजता बाबांनी एका कागदावर सही करायची होती. ‘लेखनदोषामुळे सातच्या जागी चार लिहिला गेला.’ सही केली की नोकरी शाबूत, प्रकरण मिटलं, केस सात नंबरकडे. नाही केली तर खोटी नोंद केल्याची चौकशी. आणि गुरुवारीच घटनादुरुस्तीवर मतदान होतं. मंगळवारच्या संध्याकाळच्या बातम्यांत मंत्री सांगतही होते, की बघा, ज्या सोडतीत सोंगट्याच हरवतात तिच्या भरवशावर आपण न्याय सोपवायचा का?

टीव्हीसमोर बसून मी दप्तर पोटाशी घट्ट धरलं होतं. आत कंपासपेटी होती. मला जेवण गेलं नाही. आई म्हणाली, उन्हात फिरतेस म्हणून. मी म्हटलं, हो.

तुम्ही म्हणाल, सांगून टाकायचं ना तेव्हाच. मलाही तेच वाटतं. पण मी सारखी हिशोब घालत होते आणि तो सुटत नव्हता. सोंगटी दाखवली तर चार खरा ठरतो आणि टाचणीचे बाबा बाईंसमोर जातात. पण सोंगटी दाखवली की नऊ खोटा, हेही पक्कं होतं, आणि बाबांना कुणी वाली उरत नाही. लेखनदोष माफ करायला ते तयार होते. न मोजता नऊ लिहिणं आणि वर पोरीच्या खिशातून कोर्टाची सोंगटी घरी येणं, हे कोण माफ करणार? आणि दाखवली नाही तर? तर काहीच होणार नव्हतं. आमच्या घरात काहीच होणार नव्हतं. होणार ते टाचणीच्या घरात.

बुधवारी शाळेत गोटी माझं दप्तर घेऊन जिन्यात धापा टाकत होती. “काय दगड भरलेत का गं? पैज मारली तेव्हा वजन सांगितलं नव्हतंस.” मी दप्तर तिच्या हातातून हिसकावून घेतलं. ती बघतच राहिली. “बरं बाई, घे. पोटगीत मागितलं असतं तरी एवढी चिडली नसतीस.”

मधल्या सुट्टीत टाचणी नळापाशी उभी होती. पाणी पीत नव्हती, नुसता नळ सोडला होता.

“तूच काढलीस ना?” तिने विचारलं.

“हो.”

“चारच होता?”

“चारच होता.”

“मग सांग ना कुणाला तरी.”

“मला कुणी विचारलंच नाही,” मी म्हणाले. खरंच होतं ते. अल्पवयीन, त्यामुळे जबाबाची गरज नाही, असं बाबांना सांगितलं होतं. पण माझ्या तोंडून ते ऐकताना मलाच ते पळपुटं वाटलं. आवाजही कसा आला माहितीये? मागच्या वर्षीचा. बाकाखालचा.

टाचणीने नळ बंद केला. “आई दर शुक्रवारी तुरुंगात बाबांसाठी धुतलेला शर्ट देते आणि मळलेला आणते. मागच्या शुक्रवारी दिलेला शर्टच परत आला. घडी न मोडता. इस्त्रीची रेघसुद्धा तशीच होती.” तिने हात स्कर्टला पुसले. “आई म्हणते, कदाचित थंडी असेल म्हणून स्वेटरच घातला असेल.”

थंडी कुठेय? घामाने आम्हा दोघींचे ब्लाउज पाठीला चिकटले होते.

ती वर्गात गेली. मी नळापाशीच. खिशात हात घातला, सवयीने. खिसा रिकामा होता, तरी बोटांना ते गुळगुळीत लाकूड लागल्यासारखं झालं.

संध्याकाळी सात वाजता बाबा जेवणाच्या टेबलावर त्या कागदाची नक्कल घेऊन बसले होते. आई समोर. मी कंपासपेटी उघडली आणि सोंगटी कागदावर ठेवली. बरोबर ‘लेखनदोष’ या शब्दावर.

बाबांनी ती उचलली नाही. जणू तापलेली होती.

“खिशात राहिली,” मी म्हणाले. “सोमवारी. मी सांगणार होते. मग नाही सांगितलं. मग कालही नाही सांगितलं.”

मला वाटलं, ओरडतील. मी ओरडून घ्यायला तयार होऊन आले होते. पण बाबा ‘चार’ एवढंच पुटपुटले, आणि ते जास्त वाईट होतं.

पहिली आई सावरली. “टेबलाखाली सापडली म्हणून सांगा. झाडताना सापडली. काय कळतंय कुणाला?”

“माझ्या हाती सापडली की मीच लपवली होती म्हणतील. मी काहीही म्हटलं तरी आता ते माझंच म्हणणं.” बाबांनी कागद सोंगटीखालून हळूच ओढून घेतला. “तसंही मी सही करायचं ठरवलंय.”

“बाबा!”

“ऐक. त्या चारसमोर तुझी सही आहे. मी चार मुद्दाम लिहिला असं ठरलं, तर उद्या तुला बोलावतील. बापाने काय शिकवलं होतं, बाईंनी शाळेत काय सांगितलं होतं, ते सगळं उकरतील. बाई तुमच्या शाळेत आल्या होत्या, तू त्यांना प्रश्न विचारलास, दोन दिवसांनी तूच त्यांचा आकडा काढलास. कसं दिसतं ते? तुझं नाव यात येऊ देणार नाही मी. संपलं.”

म्हणजे बाबा नोकरीसाठी सही करत नव्हते. माझ्यासाठी करत होते. दोन दिवस मी बाबांना वाचवायचं म्हणून गप्प होते आणि बाबा मला वाचवायचं म्हणून खोटं लिहायला निघाले होते. आणि अडतीसाचे बेचाळीस दिवस झाले होते.

“आणि टाचणीचे बाबा?” मी विचारलं.

बाबांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने पुसायला लागले. आई एरवी ओरडते, शर्टाने पुसू नका, चरे पडतात. आज काही म्हणाली नाही.

“सात नंबरचे साहेब सोडतील त्यांना?” मी म्हणाले. “मागच्या शुक्रवारी त्यांचा शर्ट घडीसकट परत आला. आई, इस्त्रीची रेघसुद्धा तशीच होती.”

आईने माझ्याकडे पाहिलं. मग सोंगटीकडे. ती तिने उचलली, खिडकीपाशी नेली, डोळ्यांजवळ धरून दोन्ही बाजूंनी पाहिली, दुकानात भिंग पाहते तशी.

“नोकरी गेली तर?” तिने बाबांना विचारलं.

“जाईल बहुतेक. नऊ तर मी खोटाच लिहिला ना.” बाबांचा आवाज अगदी बारीक झाला होता. “त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. अठरा वर्षांत एकदा.”

“मग तेवढंच सांगा,” मी म्हणाले. “नऊ खोटा होता म्हणून सांगा. आणि चार खरा होता ते मी सांगते. ते तुम्हाला सांगताच येणार नाही, बाबा. हात माझा होता.”

“तुला कळतंय का काय विचारतील ते?”

“विचारू देत.”

“घाबरशील.”

“घाबरलेच आहे!” मी इतक्या मोठ्याने म्हणाले की शेजारच्या आजोबांनी रेडिओ बारीक केला. “दोन दिवस घाबरलेच आहे मी. जेवण जात नाही माझं.”

बाबा आईकडे बघायला लागले. त्यांना वाटत होतं आई नाही म्हणेल. आई माझी कंपासपेटी हातात घेऊन उभी होती. तिने सोंगटी आत ठेवली आणि झाकण लावलं, पण पेटी मला दिली नाही की बाबांनाही दिली नाही. टेबलाच्या मधोमध ठेवली.

ती मी उचलली.

“उद्या मी शाळेत जाणार नाहीये,” मी म्हणाले. “अकरा वाजता मी तुमच्याबरोबर प्रबंधकसाहेबांकडे येतेय, बाबा. तुम्ही त्या कागदावर सही करायची नाही. सोंगटी मी त्यांच्या टेबलावर ठेवणार आणि सोमवारी ती माझ्या कुठल्या खिशात कशी गेली ते सांगणार, लिहूनही देणार, आणि खाली सही करणार, वहीत केलीय तशीच. आई, तो स्कर्ट धुवायला टाकू नकोस. मी तोच घालून जाणार आहे.”